राजवाडा आज बंद आहे

बँकेत नोकरी करणाऱ्याला सलग तीन सुट्ट्या क्वचितच मिळतात. २०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली आणि दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार होता, म्हणून पत्नी आणि मी गुरुवारी रात्रीच्या विमानाने मुंबईहून बँकॉकला गेलो. पहिला दिवस उत्तम गेला. नावेने चाओ फ्राया नदी ओलांडून वाट अरुण (वाट म्हणजे बौद्ध मंदिर) पाहिले आणि संध्याकाळी यावरात या चिनी वस्तीत खात-खात हिंडलो. पत्नी शाकाहारी असल्यामुळे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत माशाचा सॉस घातलेला नाही ना, हे तिने गाडीवाल्या बाईंना तीनदा विचारून घेतले. साठ बाटच्या कोशिंबिरीची एवढी खातरजमा करणाऱ्या आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस हजार बाट, म्हणजे त्या वेळचे जवळजवळ सहासष्ट हजार रुपये, कसे घालवले ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या तटालगत आम्ही प्रवेशद्वार शोधत असताना इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांनी थांबवून, आपण शिक्षक असल्याचे सांगितले. भिक्षूंची विशेष प्रार्थना असल्याने राजवाडा परदेशी पाहुण्यांसाठी दुपारी एकनंतर उघडेल, असे ते म्हणाले. तोवर वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आमच्याच नकाशावर उभ्या बुद्धाचे मंदिर आणि सरकारी म्हणवले जाणारे एक रत्नविक्री केंद्र अशा दोन ठिकाणी खुणा केल्या, रस्त्यावरची टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, थांबवून चाळीस बाटमध्ये सगळे फिरवण्याचे ठरवून दिले आणि आमच्याकडे काहीही न मागता ते निघून गेले. हे काहीही न मागणेच आम्हाला भावले.

वाट इंथाराविहानमधील बत्तीस मीटर उंचीचा उभा बुद्ध खरोखरच पाहण्यासारखा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तेथील सावलीत बसलेल्या एका तरुणाने गप्पांच्या ओघात आम्ही कोठून आलो ते विचारले आणि नकाशावरची दुसरी खूण पाहून आश्चर्य व्यक्त केले. आपणही दरवर्षी तेथूनच नीलम घेतो, वर्षातून एकच आठवडा करमाफी असते आणि आज तिचा शेवटचा दिवस आहे, असे तो म्हणाला. पुढे टुकटुकवाल्याने तर हसत कबूल केले की दुकानात गिऱ्हाईक नेले की त्याला पेट्रोलचे कूपन मिळते. घेतले नाही तरी चालेल, दहा मिनिटे नुसते बसा. त्याच्या या प्रामाणिकपणामुळे उरलासुरला संशयही गेला.

कर्जाच्या अर्जातील प्रत्येक दावा दुसऱ्या सूत्राकडून पडताळून घ्यायचा, हे मी नोकरीत वर्षानुवर्षे करत आलो आहे. येथे एकाच गोष्टीला तीन अनोळखी माणसांनी दुजोरा दिला होता, म्हणून मी निश्चिंत झालो; तिघेही एकाच साखळीतले असतील ही शंका शिवली नाही. खांद्यावर बोकड घेऊन निघालेल्या ब्राह्मणाची आणि तीन ठगांची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि त्या ब्राह्मणाला हसतो.

वडिलांची रास मकर, साडेसातीचा शेवटचा टप्पा चालू, आणि कोणीतरी त्यांना नीलम सुचवलेला. दुकानातल्या बाईंना शनीचे नावही ठाऊक होते, यावरून आमच्यासारखे किती येऊन गेले असतील याचा अंदाज करावा. आम्ही अंगठी घेतली, कार्डाने पैसे दिले, छापील प्रमाणपत्र घेतले. त्यानंतर वाट वाकडी करून टुकटुकवाल्याने एका शिंप्याच्या दुकानातही नेले. तेथून सुटून राजवाड्याशी पोहोचलो तेव्हा पावणेचार झाले होते आणि तिकीटविक्री साडेतीनलाच बंद झाली होती.

रविवारी सकाळी साडेआठला पुन्हा गेलो. राजवाडा रोज उघडा असतो, बाहेर कोणी बंद असल्याचे सांगितले तर विश्वास ठेवू नका, अशी सूचनाच तेथे लावलेली होती. आदल्या दिवशी आणखी शंभर पावले चालून दारापर्यंत गेलो असतो तर ती दिसली असती. प्रत्येकी पाचशे बाटचे तिकीट काढले खरे, पण आवारातल्या वाट फ्रा केओमधील पाचूचा म्हणवला जाणारा हिरवा बुद्ध मी कोणत्या मनःस्थितीत पाहिला असेल ते सांगायला नको. पावतीवरील क्रमांकावर फोन केला, तर व्यवस्थापक सोमवारी येतील असे उत्तर मिळाले. आमचे विमान दुपारचे होते. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक मला मुंबईत परतल्यावर समजला. तुम्ही तो जाण्यापूर्वीच फोनमध्ये साठवून ठेवा, कारण वस्तू आणि पावती घेऊन तेथेच तक्रार करता आली तरच काही हाती लागण्याची आशा असते.

ओळखीच्या सराफांनी खडा तपासून घेतला. तो खोटा निघाला नाही, आणि हीच या धंद्याची खरी मेख आहे. नीलम अस्सल, परंतु उष्णता देऊन रंग खुलवलेला, आत डाग असलेला, हलक्या प्रतीचा. अंगठीसकट फार तर नऊ हजार रुपयांचा. प्रमाणपत्रात रत्न अस्सल असल्याचेच लिहिले होते आणि ते खरेच होते. कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेऊनही उपयोग झाला नाही, कारण वस्तू मिळाली होती आणि पिन मी स्वतः टाकला होता. समोर बसलेल्या ग्राहकाला मीही हेच उत्तर दिले असते.

अंगठी लॉकरमध्ये आहे. वडिलांना किंमत सांगण्याचे धैर्य झाले नाही. नीलम सर्वांनाच लाभत नाही असे म्हणतात, तेव्हा आपल्यालाही तो लाभला नाही, एवढेच त्यांना सांगितले.