माहितीपट थेट प्रेक्षकाला विकताना: ऑनलाइन वितरणसेवांची पारख

इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचा आमचा ७१ मिनिटांचा माहितीपट पूर्ण झाला, दोन-चार महोत्सवांत दाखवून झाला आणि मग तो लोकांपर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न पुढ्यात उभा राहिला. चित्रपटगृहाचे भाडे परवडणारे नव्हते आणि मोठ्या ओटीटी कंपन्यांना पाठवलेल्या मेलला उत्तर आले नाही, त्यामुळे ऑनलाइन वितरण स्वतःच करायचे ठरले. गेल्या सव्वा वर्षात आम्ही तीन वाटांनी गेलो: परदेशी थेट विक्रीची सेवा, अनेक ओटीटींना चित्रपट पुरवणारा अ‍ॅग्रिगेटर आणि स्वतःच्या संकेतस्थळाला पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, जोडून केलेली विक्री. भारतातल्या मराठी प्रेक्षकासाठी तिसरी वाट धरावी, परदेशातल्या मराठी माणसासाठी पहिली, आणि अ‍ॅग्रिगेटरकडे या दोन्हींनंतर, तेही भारताचे हक्क वगळून जावे, असे माझे मत झाले आहे.

सेवा निवडताना बहुतेक निर्माते आधी टक्केवारी पाहतात, आम्हीही तेच केले. व्हिमिओ ऑन डिमांड ही परदेशी थेट विक्रीची सेवा. ती २०१३ साली सुरू झाली तेव्हा व्यवहारखर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे ९० टक्के निर्मात्याला, हे त्यांचे तत्त्व होते, आणि त्या काळी ते फारच उदार वाटले होते. शिवाय किंमत किती ठेवायची, चित्रपट भाड्याने द्यायचा की कायमचा विकायचा, कोणत्या देशांत दाखवायचा, हे सारे निर्मात्याच्या हातात होते. गमरोड ही चित्रपटांसाठी खास काढलेली सेवा नव्हे, पण अनेक लघुपटकार ती वापरतात. तिचा दर १० टक्के आणि वर प्रत्येक विक्रीमागे ५० सेंट असा आहे. इथे किमतीचा हिशेब बारकाईने करायला हवा. दहा डॉलरच्या विक्रीतून या दराने दीड डॉलर जातो आणि ते सोसते. पण आपल्याकडच्या खिशाला मानवेल अशी दोन डॉलर किंमत ठेवली, तर त्यातले ७० सेंट, म्हणजे ३५ टक्के, तिथेच जातात. ठरावीक रकमेचे शुल्क स्वस्त तिकिटालाच जास्त जड जाते, आणि मराठी माहितीपटाचे तिकीट स्वस्तच ठेवावे लागते.

तरीही टक्केवारीपेक्षा मोठा प्रश्न निघाला तो प्रेक्षक पैसे कसे भरणार हा. ज्यांच्या शेडमध्ये आम्ही सर्वांत जास्त दिवस चित्रीकरण केले, त्या निवृत्त जॉबरांना (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना) आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांना फुकट पाहण्याची लिंक पाठवू लागलो, तर म्हणाले, ‘‘फुकटचं नको, तिकीट काढून बघतो की.’’ नातवाने त्यांचे डेबिट कार्ड घेऊन परदेशी सेवेच्या पानावर तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा व्यवहार नाकारला गेला. कारण साधे होते. १६ मार्च २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर तेवढे चालू असते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतःहून सुरू करून घ्यावे लागतात. मामांना याची कधी गरजच पडली नव्हती. हा नियम ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तो योग्यच आहे, परंतु आमचा निम्मा प्रेक्षक त्या एका पायरीवर अडकला. पेपालचाही इथे उपयोग नाही, कारण १ एप्रिल २०२१ पासून त्या कंपनीने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले आहेत. न्यू जर्सीतला मराठी माणूस आपल्याला पेपालने पैसे देऊ शकतो, पण शिरोळचा माणूस देऊ शकत नाही.

म्हणून आम्ही तिसऱ्या वाटेला लागलो. साधे संकेतस्थळ, त्यावर भारतीय पेमेंट गेटवे, आणि चित्रपट ठेवण्यासाठी डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप, देणारी व्हिडिओ होस्टिंग सेवा, एवढीच त्याची जुळणी. आमच्या गेटवेचा दर दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे १५० रुपयांच्या तिकिटामागे सुमारे १४६ रुपये हातात पडतात. होस्टिंगचे वार्षिक शुल्क अर्थातच वेगळे. दिल्लीच्या व्हीडिओसायफरसारख्या सेवा गुगलच्या वाइडवाइन तंत्राने फाइल कुलूपबंद करतात आणि पाहणाऱ्याचा मोबाइल क्रमांक पडद्यावर फिरता ठेवण्याची सोय देतात. समोर दुसरा कॅमेरा लावून कोणी चित्रण केले तर ते कुलूप काही करू शकत नाही, पण टेलिग्रामवर प्रत आलीच तर ती कोणाकडून गेली हे कळते, आणि तेवढ्या जाणिवेनेही बराच फरक पडतो. मामांनी क्यूआर कोड स्कॅन केला, यूपीआयचा पिन टाकला आणि मिनिटभरात त्यांच्या दूरचित्रवाणीवर मागांचा खडखडाट सुरू झाला.

या वाटेचा भार मात्र ओळखून असावे. परदेशी सेवेत पासवर्ड विसरलेल्या प्रेक्षकाला कंपनी उत्तर देते. स्वतःच्या संकेतस्थळावर ते उत्तर रात्री साडेदहा वाजताही आपल्यालाच द्यावे लागते. पहिल्या शनिवारी आमच्या गटातले दोघे फक्त फोन घेत बसले होते. ज्यांच्याकडे असे दोन माणसांचे बळ नाही, त्यांनी या वाटेचा पुन्हा विचार करावा, हे मी अगदी कळकळीने सांगते.

अ‍ॅग्रिगेटरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नव्या दिग्दर्शकांना सर्वांत जास्त ओढ याच वाटेची असते. डिस्ट्रिबर ही अमेरिकी कंपनी निर्मात्याकडून आधी ठोक शुल्क घेई आणि पुढची कमाई पूर्णपणे त्याची, असे वचन देई. २०१९ साली ती कोसळली आणि अनेक स्वतंत्र निर्मात्यांचे पैसे अडकले. फिल्महब या दुसऱ्या अ‍ॅग्रिगेटरची रचना याच्या उलट आहे: आधी शुल्क नाही, करार अनन्य हक्कांचा नाही, आणि आलेल्या कमाईचे ८० टक्के निर्मात्याला. मला ही रचना अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिथे कंपनीला आपल्या चित्रपटाच्या कमाईतूनच मिळवावे लागते. मात्र अ‍ॅग्रिगेटर चांगला असला तरी पुढच्या ओटीटीचे नियम त्याच्या हातात नसतात. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली कोणालाही थेट चित्रपट चढवता येईल अशी सोय सुरू केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे नवे माहितीपट आणि लघुपट घेणे बंद केले. केवळ त्या एका दाराच्या भरवशावर बसलेल्या माहितीपटकारांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

आम्ही ज्या अ‍ॅग्रिगेटरकडे गेलो, त्याने आमची फाइल दोनदा परत पाठवली, आणि दोन्ही वेळा चूक आमची होती. पहिल्यांदा इंग्रजी सबटायटल चित्रावरच छापलेली होती. त्यांना चित्र कोरे आणि सबटायटलची फाइल वेगळी हवी होती. दुसरी चूक जास्त महाग पडली. रात्रपाळीच्या एका दृश्यात कांड्या भरणाऱ्या बाईंच्या शेजारी रेडिओ चालू आहे आणि त्यावर एक जुने हिंदी गाणे लागले आहे. ते दृश्य मला फार प्रिय होते. पण गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क एकाकडे आणि शब्द-संगीताचे दुसऱ्याकडे, आणि दोन्हींची लेखी परवानगी आमच्याकडे नव्हती. अखेर आमच्या ध्वनिसंयोजकाने तो दीड मिनिट रिकाम्या शेडच्या आवाजातून नव्याने बांधला. चित्रीकरणाच्या वेळी रेडिओ बंद करायला सांगण्याला एक क्षण लागला असता; नंतर दोन आठवडे गेले. याखेरीज अमेरिकेतल्या कमाईसाठी डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकी कराचा अर्ज पॅन क्रमांकासह भरावा, नाहीतर रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका करकराराचा लाभ घेतला तर तो १५ टक्क्यांवर येतो.

केरळने ७ मार्च २०२४ रोजी सीस्पेस हा सरकारी ओटीटी सुरू केला, त्याचा उल्लेख मला इथे करावासा वाटतो. तिथे वर्गणी नाही. प्रेक्षक चित्रपटागणिक ७५ रुपये भरतो आणि त्यातला निम्मा वाटा निर्मात्याला मिळतो. निम्मा हा वाटा ९० किंवा ८० टक्क्यांपुढे कमी दिसतो, पण तिथे येणारा प्रेक्षक मल्याळम चित्रपट पाहायलाच येतो, आणि ती गोष्ट कोणत्याही परदेशी सेवेकडून विकत मिळत नाही. गोरेगावच्या चित्रनगरीचा कारभार पाहणाऱ्या आपल्या महामंडळाने मराठी चित्रपटांसाठी असे काही उभे केले, तर आमच्यासारखे कितीतरी जण आपले काम आनंदाने तिथे ठेवतील.

तोवर आमची मांडणी अशी आहे. भारतातले हक्क आमच्याकडेच आहेत आणि विक्री आमच्या संकेतस्थळावरून होते. परदेशी मराठी मंडळांना थेट विक्रीच्या सेवेची लिंक आणि सवलतीचा कोड जातो. अ‍ॅग्रिगेटरच्या करारात भारत वगळला आहे आणि ९० दिवसांची सूचना देऊन बाहेर पडण्याचे कलम आम्ही आग्रहाने घालून घेतले आहे. ज्यांनी आमच्या संकेतस्थळावर तिकीट काढले त्यांचे पत्ते आणि संमती आमच्याकडे नोंदलेली आहे, तर अ‍ॅग्रिगेटरकडून तिमाहीला फक्त देशांची नावे आणि मिनिटांचा आकडा येतो. सूतगिरण्यांवरचा पुढचा माहितीपट तयार झाला की पहिली मेल त्या नोंदवहीतल्या लोकांनाच जाईल. मामांना मात्र फोन करावा लागेल, कारण ते मेल उघडत नाहीत.