दुसऱ्या वर्षीचं बिल: फोटोग्राफरची स्वस्त वेबसाइट नेमकी कुठे फसवते

‘फोटोग्राफर्ससाठी पोर्टफोलिओ वेबसाइट फक्त ४,९९९ रुपयांत! डोमेन फ्री, होस्टिंग फ्री, एसएसएल फ्री, लाइफटाइम सपोर्ट.’ डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची भाड्याची जागा. ही जाहिरात पाहिली की जाणते लोक म्हणतात, इतक्या स्वस्तात काय होणार? खरं तर होतं. तयार थीमवर, म्हणजे साच्यावर, पाच पानं आणि चार गॅलऱ्या उभ्या करायला सराईत माणसाला दोन दिवस पुरे होतात. किमतीत खोट नसते, ती कागदोपत्री मालकीत असते, आणि कळते ती वर्षभरानंतर.

तालुक्याच्या गावातल्या एका वेडिंग फोटोग्राफरचा व्यवहार पाहा. साइट आठवड्यात झाली, दिसायलाही बरी होती. मग पत्ता छापून झाला: व्हिजिटिंग कार्डावर, अल्बमच्या शेवटच्या पानावर, स्टुडिओच्या बोर्डावर, गाडीच्या मागच्या काचेवर. अकराव्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, ‘सर आपले डोमेन एक्स्पायर होत आहे, आज पेमेंट न केल्यास साइट कायमची बंद होईल.’ सोबत बिल. डोमेन ३,५००, होस्टिंग ६,०००, एसएसएल २,५००, मेंटेनन्स ३,०००, वर १८ टक्के जीएसटी; एकूण १७,७००. ‘मी साइट दुसरीकडे नेतो’ म्हटल्यावर उत्तर मिळालं, ‘डोमेन आमच्या कंपनीच्या नावावर आहे, ट्रान्सफर चार्ज १५,००० लागेल.’

हे बिल एकेक ओळ करून वाचण्यासारखं आहे. डॉट कॉम डोमेनचं वर्षाचं नूतनीकरण साधारण हजार ते दीड हजारात होतं. एसएसएल, म्हणजे पत्त्याआधी ‘नॉट सिक्युअर’ असा इशारा दिसू नये म्हणून लागणारं प्रमाणपत्र, ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतं, त्याची मुदत ९० दिवस असते आणि बहुतेक होस्टिंगवर ते आपोआप नवं होत राहतं. त्याचे २,५०० म्हणजे निव्वळ हवेचे पैसे. जीएसटीची ओळ तर सरळ लबाडीची, कारण बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने आणि गोव्याचा ३० ने सुरू होतो, आणि जीएसटी पोर्टलवर तो कुणालाही फुकट तपासता येतो.

आता मूळ गोष्ट. ‘डोमेन फ्री’चा अर्थ असा की पहिल्या वर्षाचे पैसे त्यांनी भरले, त्यांच्या खात्यातून, त्यांच्या ईमेलवर. नोंदीत ज्याचं नाव आणि ईमेल, डोमेन त्याच्या ताब्यात. बोर्डावर तुमचं आडनाव असलं तरी. ‘लाइफटाइम डोमेन’ नावाची वस्तू तर बाजारात नाहीच. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं.

आपलं डोमेन कुणाच्या हातात आहे हे तपासायला आयकॅन या डोमेनचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर पत्ता टाका. २०१८ पासून मालकाचं नाव तिथे बहुधा झाकलेलं असतं, त्यामुळे ते दिसलं नाही म्हणून लगेच घाबरू नका. तीन गोष्टी मात्र दिसतात: रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, कोण, नोंदणीची तारीख आणि संपण्याची तारीख. शेवटची नीट बघा. ‘आजच संपतंय’ म्हणून आलेल्या मेसेजच्या दिवशी प्रत्यक्षात महिना-दोन महिने शिल्लक असतात, असं बऱ्याचदा निघतं. मुदत संपली तरी डॉट कॉम त्याच रात्री हातचं जात नाही. रजिस्ट्रारप्रमाणे कमी-जास्त, पण ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणाची सवड मिळू शकते. त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं होतं. साइट या काळात बंद पडू शकते, पण ‘कायमची गेली’ हे खोटं.

आणखी एक साधी खूण आहे. नवं डोमेन घेतलं की ईमेल पक्का करण्यासाठी रजिस्ट्रारकडून पत्र येतं. १५ दिवसांत त्यातल्या लिंकवर टिचकी मारली नाही तर नाव तात्पुरतं थांबवलं जातं. तुमची साइट वर्षभर चालू आहे आणि असं पत्र तुमच्या मेलबॉक्समध्ये कधी आलंच नसेल, तर ती टिचकी दुसऱ्याच कुणी मारली आहे असं धरायला हरकत नाही.

रीत सोपी आहे. रजिस्ट्रारकडे खातं स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइलने उघडा, कार्ड किंवा यूपीआयने स्वतः पैसे भरा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. वेबसाइटवाल्याला पासवर्ड लागत नाही. तो दोन नेमसर्व्हर (पत्ता कोणत्या होस्टिंगकडे न्यायचा हे सांगणारी नावं) लिहून देईल, ते तुम्ही खात्यात चिकटवायचे. काम पाच मिनिटांचं. होस्टिंगही तुमच्याच नावाने. तिथे पहिल्या मुदतीचा दर बघून भाळू नका, नूतनीकरणाचा दर बघा. तो दुप्पट-तिप्पट असणं नेहमीचं आहे.

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर तुमची साइट असेल तर लॉगिन मिळालं एवढ्यावर समाधान मानू नका. आत शिरल्यावर डाव्या यादीत ‘प्लगिन्स’ आणि ‘युजर्स’ दिसत नसतील तर तुम्हाला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नव्हे, ‘एडिटर’ केलेलं आहे. फोटो बदलता येतील, साइट हलवता येणार नाही. स्वस्त कामात चोरीची थीम वापरण्याची खोडही फार. ‘प्रीमियम थीम’ म्हणून बसवलेली ही फाइल कुठूनतरी फुकट उतरवलेली असते, तिला अपडेट येत नाहीत, आणि पुष्कळदा तिच्यात घुसखोराला शिरायला मागचं दार ठेवलेलं असतं. गुगलमध्ये ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम आणि लगेच आपला पत्ता टाकून शोधा. निकालात जपानी मथळे किंवा गोळ्या-औषधांची पानं दिसली तर साइट फोडली गेली आहे.

फोटोंच्या बाबतीत वेगळीच कमाई चालते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची जेपेग सहज ८ ते १२ एमबी भरते. असे ४० फोटो जसेच्या तसे एका पानावर चढवले की पान चारशे एमबीच्या आसपास जातं. मोबाइलवर बघणारी नवरी तिसऱ्या फोटोला निघून जाते. मग ‘साइट स्लो आहे’ म्हणून ५,००० चं ‘स्पीड पॅकेज’ विकलं जातं. हे काम फोटो एडिट करायच्या लाइटरूमच्या एक्स्पोर्ट खिडकीत फुकट होतं: लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ७५ च्या आसपास, कलर स्पेस (रंगांची मोजपट्टी) एसआरजीबी. फाइल पाचशे केबीच्या आगेमागे येते. कलर स्पेस विसरून अ‍ॅडोबी आरजीबी तशीच गेली तर काही स्क्रीनवर हळदीचा पिवळा मरतो आणि चेहरे फिके पडतात, आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. डेमोमधले नमुना फोटो काढून टाकलेत ना, हेही स्वतः पाहा. गुगलवरून उचललेला दुसऱ्याचा फोटो तुमच्या गॅलरीत राहिला तर हक्कभंगाची नोटीस तुमच्या नावाने येईल.

‘गुगलवर पहिल्या पानाची गॅरंटी’ विकणाऱ्याशी वाद घालू नये, फोन ठेवावा. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही असं गुगल स्वतःच सांगतं. गुगलचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, फुकट आहे, पडताळणीही फुकट. त्या प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या छोट्या वेबसाइट गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा ‘तुमची गुगल साइट रिन्यू करतो’ म्हणणारा थापा मारतोय.

अ‍ॅडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडची वर्गणी भरत असाल, तर कुणाकडे जाण्याआधी अ‍ॅडोबी पोर्टफोलिओ बघा. वर्गणीतच येतं, पाच साइट करता येतात, वर खर्च फक्त डोमेनचा. साच्यांची विविधता कमी आहे, पण फोटो दाखवायला तेवढं पुरतं.

डोमेन आधीच वेबसाइटवाल्याकडे अडकलं असेल तर तोंडी भांडण नको. ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा सांकेतिक क्रमांक, लेखी मागा, ईमेलनेच. मालकाने मागितल्यावर रजिस्ट्रारला तो पाच दिवसांत द्यावा लागतो. अडचण एवढीच की नोंदीत मालक वेबसाइटवाले आहेत. म्हणून ‘डोमेन’ असा उल्लेख असलेलं बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडून रजिस्ट्रारकडेही लिहा. नवं किंवा नुकतंच हलवलेलं डॉट कॉम साधारण ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, त्या काळातला नकार मात्र खरा असू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात ‘तुम्ही धंद्यासाठी सेवा घेतली, तुम्ही ग्राहक नाही’ असा मुद्दा येईल. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तू व्यापारी हेतूत धरलेल्या नाहीत, पण सेवेचा तिथे स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून हा मुद्दा मांडायची नीट तयारी ठेवा. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारशुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

दोन-तीन हजारांत वेबसाइटवाला डोमेन लेखी सोडायला तयार असेल, तर बोर्ड आणि कार्डं नव्याने छापण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. तत्त्वाचा प्रश्न करू नका. नाव सोडून द्यायचंच ठरलं तर त्याआधी एक काम: त्या पत्त्यावरचा ईमेल इन्स्टाग्राम, बँक किंवा गुगल खात्याला जोडला असेल तर तो आधी बदला. सोडलेलं नाव उद्या जो घेईल, त्याच्याच मेलबॉक्समध्ये तुमचे पासवर्ड बदलायचे दुवे पडतील.