‘पीयू पेंट किट’च्या नावाखाली 9,349 रुपये गेले, ओट्याखालचे शटर रंगवणाऱ्यांनी वाचा

कापसाचे पहिले पैसे हातात आले आणि दिवाळी तोंडावर आली, की आपल्या वऱ्हाडात घरोघरी रंगरंगोटी निघते. रंगाचं किट विकणारी टोळी तोच मोका साधून गावात शिरते. जुने शटर घरच्या घरी नवे करा, सुतार नको, पेंटर नको, सगळं एका किटमध्ये, किंमत 7,499 रुपये. बुकिंगला 3,000 रोख, माल निघण्याआधी 4,499 फोनवरून. पुढे रंग वाळेना तेव्हा ‘हार्डनर वेगळा मागवा लागते’ म्हणून आमच्याकडून आणखी 1,850 घेतले, ते रंग घट्ट करणारं हार्डनर आजवर आलं नाही. एकूण 9,349 रुपये. गल्लीतल्या बाकी घरांची गतही तीच.

किटमध्ये एक-एक लिटरचे दोन डबे, सनमाईकासारखा दिसणारा चिकट फिल्मचा रोल, 16 हायड्रॉलिक बिजागऱ्या आणि 8 हँडल. यातली एकही वस्तू सांगितली तशी नव्हती.

आधी रंगाचं, कारण खरा दगा तिथेच आहे. लाकडी फर्निचरला सुतार-पेंटर जो पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतात तो दोन भागांत येतो. एक बेस, दुसरं हार्डनर. डब्यावर दिलेल्या प्रमाणात दोन्ही मिसळायचे, पीयूचाच थिनर घालायचा आणि मिसळलेला माल त्याच दिवशी काही तासांत संपवायचा, कारण नंतर तो भांड्यातच घट्ट होतो. गावात मंडपात प्रात्यक्षिक झालं तेव्हा टोळीतल्या माणसाने एकच डबा फोडला, त्यात टर्पेंटाइन ओतलं आणि ब्रश फिरवला. टर्पेंटाइनचा वास मंडपभर पसरला होता. तो वास ऑइल पेंटचा, पीयूचा नाही. तिथेच त्याचा हात धरायला हवा होता! शेजारी ‘कालच रंगवलेला’ म्हणून जो शटर उभा केला होता, तो काचेसारखा गुळगुळीत होता. त्यावर ब्रशची एक रेघ नव्हती, कडेला ओघळ नव्हता. तसं काम फक्त स्प्रेने होतं. म्हणजे दाखवायचा तुकडा दुकानात खऱ्या मालाने बनवलेला आणि विकायचा डबा भलताच. समोर चाललेला ब्रश आणि शेजारचा शटर, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर होते. हे आठवलं की अजून जीव जळतो.

पण यात गावातल्या बायकांना बावळट म्हणायचं कारण नाही. माणूस आपल्याच बोलीत बोलत होता, ‘वहिनी, तुमाले फक्त ब्रश फिरवाचा हाय, बाकी सारं आमी देतो’ म्हणत होता. छापील पावतीपुस्तक होतं, त्यावर जीएसटी नंबर होता. नंतर तो नंबर मोजला तर 14 अक्षरांचा निघाला. जीएसटी नंबर 15 अक्षरांचाच असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. मंडपात उभं राहून कोण अक्षरं मोजतं? आता मात्र मोजा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की धंद्याचं नाव आणि पत्ता दिसतो, लॉगिनही लागत नाही.

डब्यावरचं ‘पीयू’ लेबल कोमट पाण्याने भिजवून सोललं, तर खाली दुसरं लेबल होतं: सिंथेटिक इनॅमल. म्हणजे साधा ऑइल पेंट. ऑइल पेंट वाईट नसतो, पण तो सनमाईकावर थेट धरत नाही आणि तेलकट पृष्ठभागावर तर वाळतच नाही. फोडणीचा जो चिकट थर वर्षानुवर्षं शटरवर बसतो, त्यावर या लोकांच्या पत्रकात ‘ओल्या फडक्याने पुसा’ एवढंच लिहिलेलं. परिणाम असा की रंग आठवडाभर बोटाला चिकटत राहिला आणि नंतर नखाने कांद्याच्या सालीसारखा निघायला लागला. पांढरा ऑइल पेंट बंद, अंधाऱ्या स्वयंपाकघरात पिवळाही पडतो, हेही कोणी सांगत नाही.

रंग खरा पीयू आहे की नाही, ते पूर्ण वाळल्यावर तपासता येतं. कापसाच्या बोळ्याला थिनर लावून कोपऱ्यावर चोळा. दोन भागांचा पीयू हलत नाही, ऑइल पेंट मऊ पडतो, सुरकुततो, कापसाला लागतो.

आता फिल्म. जाहिरातीत 60 सेंमी रुंदी होती, आलेला रोल 45 सेंमीचा. आपल्याकडचा नेहमीचा शटर 18 इंच रुंद म्हणजे 45.7 सेंमी. फिल्म मधोमध लावली तरी दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन मिलिमीटरची उघडी पट्टी राहते, कडेवरून मागे दुमडायची तर गोष्टच सोडा. दुमडायला प्रत्येक बाजूला किमान 3 सेंमी जास्त हवी, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात कोपरे वर येतात. शेगडीच्या अगदी शेजारी आणि चुलीच्या बाजूला फिल्म लावूच नका. एप्रिल-मे मधल्या आपल्याकडच्या उन्हात डिंक नुसत्या हवेनेच सैल होतो, वर आच लागली की संपलंच.

बिजागऱ्यांत तर उघड चोरी. हायड्रॉलिक बिजागरीला शटरच्या मागे 35 मिमीचं गोल भोक पाडावं लागतं, सुमारे 12 मिमी खोल. शटर 18-19 मिमीचा असेल तर ठीक, 12 मिमीच्या प्लायला पाडायला गेलात तर भोक आरपार. शिवाय गावाकडे ओटा कडप्प्याचा किंवा सिमेंटचा आणि शटर चौकटीच्या आत बसलेले. त्याला जास्त वाक असलेली, आत बसणाऱ्या शटरची बिजागरी लागते. त्यांनी दिल्या सरळ, चौकटीवर चढणाऱ्या. एकही बसली नाही. ‘स्टेनलेस’ म्हणून विकलेल्या हँडलला चुंबक खाटकन चिकटला, म्हणजे चांगल्या प्रतीचं 304 स्टेनलेस तर नक्कीच नाही. चुंबक नाही चिकटला म्हणजे माल 304 चाच, असंही समजू नका. हलक्या 202 लाही तो चिकटत नाही.

तक्रारीचं ऐका. ठाण्यात पहिलं वाक्य: ‘ताई, पैसे तुमीच तं देल्ले ना त्याले, मंग कायची फसवणूक?’ मग म्हणे ही दिवाणी बाब, ग्राहक मंचात जा. फार आग्रह केल्यावर अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला, आणि त्या कागदाने काहीच होत नाही. बँकेत सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकला, आम्ही काय करणार. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावला तर म्हणे हा सायबर गुन्हा नव्हे, मालाचा वाद आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार घेतली, पण विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर तिथेच जाऊन बसलो नसतो का? पावतीवरचा पत्ता जिल्ह्याच्या ठिकाणचा, तिथे पानटपरी आहे. प्रत्येकजण दुसऱ्याच्या दारी पाठवतो, शेतीची कामं टाकून, बसभाडं खर्चून माणूस फिरतो, आणि शेवटी ‘रक्कम लहान आहे, सोडून द्या’ हा सल्ला मिळतो. 9,349 रुपये ही ज्याला लहान रक्कम वाटते त्याने कापूस वेचणीची मजुरी एकदा विचारावी. असली टोळी गावोगावी हिंडते ती याच ‘सोडून द्या’च्या जिवावर.

म्हणून लक्षात ठेवा: खोटं सांगून पैसे काढून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मध्ये बसतं आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये तशी तरतूद आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत 2 वर्षं. डबा, लेबल, पावती, पैसे गेल्याचा मेसेज, काहीही फेकू नका. आणि फोनवरून पैसे गेल्याचा संशय आला की त्याच तासाला 1930 लावा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

खरं काम किती स्वस्तात होतं ते सांगते, म्हणजे किटची गरजच उरणार नाही. 18 बाय 27 इंचाचे 8 शटर, दोन्ही बाजू धरून 54 चौरस फूट. एक लिटर इनॅमल दोन हातांना साधारण पुरतो. शटर काढून मागे खडूने नंबर टाका. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेलाचा थर काढा, साध्या पाण्याने पुसा, दिवसभर वाळू द्या. लाकूड असेल तर 120 चा आणि मग 220 चा पॉलिश पेपर, वुड प्रायमर, भेगांत पुट्टी, पुन्हा 220, मग पातळ दोन हात, मध्ये एक रात्र. लोखंडी शटरला रेड ऑक्साइड प्रायमर, लाकडाला तो लावू नका. सनमाईका असेल तर चमक जाईपर्यंत घासा आणि दुकानातून सनमाईकावर धरणारा प्रायमरच मागा, साधा वुड प्रायमर सुटतो. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून भरा, वाळल्यावर स्क्रू पिळा. ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजला तर उधई आहे, त्यावर रंग घालून पैसे जाळू नका, तो शटर बदला.

ज्यांनी हा बनावट रंग आधीच लावलाय त्यांनी वरून दुसरा हात मारू नका, खालचा थर मऊ असल्याने तोही सुटेल. शटर उतरवून अंगणात न्या, घरात शेगडीजवळ थिनर उघडू नका. पत्र्याच्या पातीने रंग खरवडा, उरलेला थिनरच्या फडक्याने पुसा, सोड्याच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच पॉलिश पेपर हातात घ्या.