स्विमिंग पूल हिरवा झालाय: पाणी उपसायचं, मोरचूद टाकायचं का क्लोरीनच धरून ठेवायचं?

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या आसपास फार्महाऊसवर आणि बंगल्यामागं छोटे पूल बरेच झालेत, आणि ऊन तापायला लागलं की सगळीकडून एकच प्रश्न, पाणी हिरवं व्हायलंय, काय टाकू? शेजारी म्हणतो मोरचूद टाक, दुकानदार गोळ्यांचा डबा हातात देतो, पूल बांधणारा म्हणतो सगळं पाणी काढा अन् घासून घ्या. हिरवेपणा चार दिवस तर यातल्या कशानंही जातो, पण आपल्याकडचं पाणी आणि ऊन बघून ठरवायचं असेल तर माझं मत सरळ आहे: लिक्विड क्लोरीन, सोबत ब्रश, आणि फिल्टर रात्रंदिवस चालू.

हिशोबासाठी 6 मीटर लांब, 3 मीटर रुंद, सरासरी 1.4 मीटर खोल पूल धरू, म्हणजे साधारण 25,000 लिटर.

आधी पाणी उपसायचं बघू, कारण सगळ्यात आधी लोकांच्या डोक्यात तेच येतं. 5,000 लिटरचे पाच टँकर लागतील. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं शेवाळासाठी एवढं पाणी सोडून देणं मला पटतच नाही, आणि पैसे बाजूला ठेवले तरी फायदा कमीच आहे, कारण शेवाळ टाईल्सच्या फटीत, पाईपात, फिल्टरच्या वाळूत राहतंच, नवीन पाणी भरलं की परत वाढतं. त्यात काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, तेव्हा पूल रिकामा ठेवला तर भिंतीला तडा जाऊ शकतो, फायबरचा असेल तर वरच उचलला जातो.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार. स्वस्त, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, मोसंबीवाल्यांच्या तर घरातच असतं. शेवाळ मारतं हे खरंय. पण आपल्या बोअरचं पाणी जड आणि अल्कली, त्यात तांबं टिकत नाही, खाली बसतं, मग प्लास्टरवर हिरवे-निळे डाग पडतात ते जाता जात नाहीत. पांढऱ्या केसांना हिरवट झाक येते ती वेगळी. आणि ते पाणी मासे सोडलेल्या शेततळ्यात गेलं तर मासे मरू शकतात. घरच्या पूलला मी तरी सांगणार नाही.

दुकानदाराच्या गोळ्या म्हणजे टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड), क्लोरीनच्या गोळ्या. वापरायला सगळ्यात सोप्या, रोजच्या देखभालीला ठीक, पण हट्टी शेवाळाचं मूळ बऱ्याचदा इथंच असतं बरं का. गोळीत क्लोरीनसोबत स्टॅबिलायझर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक ॲसिड, असतं, 10 पीपीएम (लिटरला 10 मिलिग्रॅम) क्लोरीन वाढवलं की साधारण 6 पीपीएम स्टॅबिलायझर वाढतं, आणि क्लोरीन उडून जातं पण हे पाण्यातच साठत राहतं. साठलं की क्लोरीनला जखडून ठेवतं. पाणी तपासायच्या किटमध्ये क्लोरीन दिसतंय तरी पाणी हिरवंच, अशी तक्रार असेल तर आधी स्टॅबिलायझर मोजा, 100 पीपीएमच्या वर गेलं असेल तर थोडं पाणी बदलल्याशिवाय इलाज नाही. अशा वेळी तेवढ्यापुरतं पाणी काढणं मला मान्य आहे, सगळं नाही.

ब्लीचिंग पावडर गावोगाव मिळते, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. तिच्यात क्लोरीन तिसरा हिस्सा, बाकी बहुतेक चुना, म्हणजे आधीच जड पाणी अजून जड, गढूळ, टाईल्सवर पांढरा थर. दुसरं काही मिळतच नसेल तर बादलीत कालवून तासभर ठेवा, वरचं निवळ तेवढं ओता.

लिक्विड, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, यात चुनाही नाही आणि स्टॅबिलायझरही नाही. 10 टक्क्यांचं असेल तर आपल्या पूलमध्ये 250 मिलीला 1 पीपीएम वाढतं. खोट एकच, उन्हानं ताकद जाते, मे महिन्यात शेडमध्ये पडून असलेला कॅन निम्मा मेलेला असतो, म्हणून ताजं आणि लागेल तेवढंच घ्या.

आता टाकायचं कसं. आधी ॲसिडनं पीएच 7.2 वर आणा, कारण 8 च्या आसपास क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा कामाचा राहतो आणि बोअरचं पाणी बऱ्याचदा तिथंच असतं. स्टॅबिलायझर 30 असेल तर क्लोरीन 12 पीपीएमवर न्यायचं, म्हणजे 3 लिटर, 50 असेल तर 20 वर. ऊन उतरल्यावर टाका. मग भिंती, कोपरे, शिडीच्या मागची जागा ब्रशनं घासा, हे टाळलं तर बाकी सगळं वाया, कारण वरचा थर फुटल्याशिवाय क्लोरीन आत जात नाही. फिल्टरचं प्रेशर वाढलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. एकदा ओतून सोडून देऊ नका, दिवसातून दोनदा मोजून कमी झालेलं भरत राहा, रात्रभरात 1 पीपीएमपेक्षा जास्त उतरलं नाही आणि पाणी स्वच्छ झालं की मग थांबा. आठवडाही लागू शकतो. तोवर लेकरं पाण्यात उतरू देऊ नका.

एक गोष्ट जिवाची: गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, आग लागते, स्फोटही होतो. ॲसिड आणि क्लोरीन कधीच एका बादलीत नाही, विषारी गॅस निघतो. ॲसिड टाकल्यावर पंप तासभर तरी चालू द्या, मगच क्लोरीन.

सावलीच्या भिंतीवर पिवळसर भुकटीसारखं असेल, हात लावला की उडतं आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच, तर तेही शेवाळच, त्याला क्लोरीन जास्त दिवस वर धरावं लागतं. काळे ठिपके सगळ्यात चिवट, प्लास्टरमध्ये रुतलेले असतात, सिमेंटच्या पूलला तारेचा ब्रश चालतो, फायबर किंवा लायनरला (प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पूलला) नायलॉनचाच. एवढं करून ठिपके त्याच जागी परत आले तर तिथलं प्लास्टर खराब झालेलं असतं, मग पाणी काढून तेवढी जागा दुरुस्त करा, पण ते जानेवारी-फेब्रुवारीत, जमिनीतलं पाणी खाली गेलेलं असतं आणि ऊनही अजून प्लास्टर तडकवण्याइतकं नसतं.