‘हा सिरीयल आधीच नोंदलेला आहे’ ही सूचना आम्ही बंद केली आणि ₹९,३२,७९० गमावले

४० लॅपटॉप. एकाचा भाव ₹४६,५००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹५४,८७०. एकूण बिल ₹२१,९४,८००. त्यातले १७ जुने निघाले: बाहेरून नवी बॉडी, खाली नवा स्टिकर, आत वापरलेला बोर्ड. पुरवठादाराचं नाव इथे देत नाही, पण त्याची पद्धत सांगतो. पुण्यात ती फक्त आमच्याच ऑफिसवर चालवली असेल, यावर माझा विश्वास नाही.

जुना माल नवा म्हणून खपवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे मेख एक्सेलच्या शीटमध्ये होती. मालाबरोबर त्याने ‘तयार सीएसव्ही’, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल, फुकट दिली. असेट टॅग, मॉडेल, सिरीयल (प्रत्येक मशीनचा स्वतंत्र नंबर), खरेदीची तारीख, वॉरंटीचे महिने, सगळे रकाने स्नाइप-आयटीला, म्हणजे आमचं असेट रजिस्टर ज्यात आहे त्या सॉफ्टवेअरला, लागतात तसेच. तारखासुद्धा वर्ष-महिना-दिवस अशा, ज्यात एरवी निम्म्या फाइली अडकतात. पीओतली, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमधली, अट अशी होती: निम्मे पैसे आगाऊ, उरलेले ₹१०,९७,४०० असेट रजिस्टरमध्ये नोंद झाल्यावर. ही अट त्याला माहीत होती. ज्या नोंदीवर त्याचे पैसे सुटणार होते, ती नोंद त्यानेच लिहून दिली आणि आम्ही ती जशीच्या तशी आत घेतली.

२८ मार्चला ती फाइल स्नाइप-आयटीत भरायला इम्पोर्ट चालवलं. ३१ ओळी आत गेल्या, ९ अडकल्या. नऊही ओळींपुढे एकच त्रुटी: हा सिरीयल आधीच नोंदलेला आहे.

तिथेच थांबायला हवं होतं. नवे लॅपटॉप, एकाच खेपेतले, आणि नऊ सिरीयल दुसऱ्यांदा येतात कसे? हा प्रश्न एकानेही विचारला नाही. पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणाला, “साहेब, एक्सेलने घोळ घातला असेल, नंतर दुरुस्त फाइल पाठवतो.” आम्हाला ते पटलं, कारण एक्सेल खरोखरच असे घोळ घालतं. ४८२१३ई७ असा सात अक्षरी सिरीयल टाइप केला की ते त्याला संख्या समजून ४.८२ई+११ करून टाकतं. सिरीयलच्या सुरुवातीची शून्यं खातं. पंधरा आकड्यांपुढचे आकडे शून्य करतं. पण या चुकांत सिरीयल मोडतो. दुसऱ्या मशीनचा पूर्ण, धडधाकट सिरीयल तिथे येऊन बसत नाही. हा फरक आम्हाला कळायला हवा होता.

त्यात मार्चअखेर. संगणकांवरचा घसारा धरायचा तर ३१ तारखेच्या आत मशीन वापरात आल्याची नोंद हवी, म्हणून अकाउंट्सचे दर तासाला फोन. आम्ही ॲडमिन सेटिंग्जमधली ‘सिरीयल युनिक हवा’ ही खूण काढली, फाइल पुन्हा चालवली, ४० पैकी ४० नोंदी झाल्या. तीन दिवसांत उरलेले पैसे गेले. ही खूण कधीही काढू नका. घाई असली तर अडकलेल्या ओळी बाजूला ठेवा आणि तेवढ्या मशीनचे पैसे रोखा.

तपासणी केलीच नाही असं कुणी म्हणू नये. पाच लॅपटॉप उघडले होते, खालचे स्टिकर शीटशी जुळवले होते, निर्मात्याच्या साइटवर वॉरंटी पाहिली होती. तीन वर्षं, चालू. पण पाचही वरच्या खोक्यांतले होते. आणि स्टिकर कुणीही छापतो.

जूनमध्ये एकाचा कीबोर्ड गेला, कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने बायॉस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, ज्यात मशीनचा सिरीयल असतो) उघडलं आणि स्टिकरवरचा नंबर वेगळा निघाला. मग सगळ्या मशीनचे नंबर पॉवरशेलने, म्हणजे विंडोजमध्ये कमांड चालवायच्या साधनाने, काढले. गेट-सिमइन्स्टन्स कमांडने विन३२_बायॉस वाचायचं, दोन मिनिटांचं काम. २३ जुळले. ११ मशीनने भलताच नंबर दिला, ज्याची वॉरंटी २०२२ मध्येच संपलेली. ६ मशीनमध्ये नंबरच नव्हता, बोर्ड बदलल्यावर कुणी तो भरलाच नव्हता. या १७ पैकी ९ मशीनच्या स्टिकरवर आमच्याच चांगल्या मशीनचे नंबर, ८ वर दुसऱ्या कुणाच्या तरी नव्या लॅपटॉपचे. म्हणूनच साइटवर वॉरंटी चालू दिसत होती.

बॅटरी रिपोर्टही आधी काढायला हवा होता: पॉवरसीएफजी, पुढे स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी ठेवा. एसएसडीचे, म्हणजे आतल्या डिस्कचे, पॉवर-ऑन तासही बघा. आमच्या एका ‘नव्या’ मशीनचे ९,४०० तास भरले.

पोलिसांकडे चार खेपा झाल्या. पहिल्यांदा “ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा”. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा “माल तुम्ही तपासून घेतलात, रजिस्टरमध्ये तुम्हीच नोंदवलात, मग फसवणूक कसली?” भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहून नेलं होतं, ते वाचलंही नाही. चौथ्यांदा अर्जावर शिक्का मिळाला. सायबर कक्ष म्हणतो, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, माल मिळाला, हे आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीत धंद्यासाठी केलेली खरेदी बसत नाही. जीएसटीवाल्यांच्या लेखी बिल खरं, कर भरलेला, विषय संपला. सव्वानऊ लाखांचा माल खोट्या नंबरांवर विकला गेला आणि एका टेबलालाही तो आपला विषय वाटत नाही! उलट आमचंच असेट रजिस्टर आज त्या माणसाचा पुरावा आहे. ते तो वकिलाच्या नोटिशीत लावतो.

पुरवठादाराची फाइल इम्पोर्टसाठी वापरूच नका, फक्त ताडून बघायला ठेवा. इम्पोर्टची फाइल मशीनमधून निघालेल्या नंबरांवरून बनवा. सिरीयलचा रकाना आधी टेक्स्ट करा, मगच पेस्ट करा. एक्सेलचं काउंटइफ सूत्र लावून एकापेक्षा जास्त वेळा येणारा नंबर शोधा. पीओत ‘रजिस्टर नोंद’ नको, ‘बायॉस सिरीयल, स्टिकर आणि बिल तिन्ही जुळल्यावर’ असं लिहा. बिलावर प्रत्येक सिरीयल छापून घ्या. आमच्या बिलावर नुसतं ‘लॅपटॉप, नग ४०’ होतं.

ती १७ मशीन आता कपाटात सीलबंद आहेत. रजिस्टरमधून त्यांच्या नोंदी डिलीट केलेल्या नाहीत, दुरुस्तही केलेल्या नाहीत, फक्त स्थिती बदलली आहे. मूळ सीएसव्ही, ती आलेला ईमेल आणि इम्पोर्टचा इतिहास वेगळ्या ड्राइव्हवर आहे, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते. ती फाइल आम्ही पुन्हा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली नाही.