पाचपाखाडीतला जुना फ्लॅट आणि एजंटची सेवा

नौपाडा, चरई आणि पाचपाखाडी या भागांतील जुन्या सोसायट्यांमधले फ्लॅट विकून देणाऱ्या एका स्थानिक एजन्सीमार्फत आम्ही नुकतेच ठाण्यात घर घेतले. शोध सुरू केल्यापासून किल्ली हाती येईपर्यंत सात महिने गेले. एजन्सीचे नाव देत नाही, कारण कार्यालय चार माणसांचे आहे आणि माझ्या तक्रारींपैकी निम्म्या या धंद्याच्या रीतीबद्दलच्या आहेत.

सासूबाईंना कौपिनेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाता यावे आणि मला सकाळी स्टेशन गाठण्यासाठी रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागू नये, एवढीच आमची अट होती. तेवढ्याच पैशांत घोडबंदर रस्त्याला वाघबीळकडे नव्या इमारतीतले घर मिळत होते, परंतु एका संध्याकाळी माजिवड्याच्या कोंडीतून तिथे जाऊन आल्यावर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

एजन्सीने एकूण अकरा फ्लॅट दाखवले. दाखवण्याच्या कामात त्यांची तत्परता चांगली होती. किल्ल्या आधी मागवून ठेवलेल्या असत आणि कोणी ताटकळत ठेवले नाही. मात्र क्षेत्रफळ सांगताना हातचे राखले जात होते. ‘साडेआठशेचा टू बीएचके’ म्हणून दाखवलेल्या घरात आम्ही टेप लावली तेव्हा भिंतींच्या आतले क्षेत्र ५६० चौरस फूट भरले. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने नव्या प्रकल्पांत कार्पेट क्षेत्रावरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्रावरच, व्यवहार करणे बंधनकारक केले असले, तरी जुन्या इमारतींच्या पुनर्विक्रीत ‘बिल्टअप’चा, म्हणजे भिंती धरून सांगितलेला, आकडा अजून सर्रास फिरतो. एजन्सीच्या भिंतीवर महारेराचा, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक फ्रेम करून लावलेला होता आणि तो संकेतस्थळावर तपासला असता खराही निघाला. पण ही नोंदणी कायद्याने लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीसाठी. १९८० च्या दशकातल्या सोसायटीतला फ्लॅट घेणाऱ्याला त्या फ्रेमचा आधार किती, हे ओळखूनच पुढे जावे लागते.

सर्वांत त्रासदायक होते ते रात्री साडेनऊचे फोन. ‘दुसरी पार्टी टोकन घेऊन तयार आहे, उद्या सकाळपर्यंत सांगा,’ असे एजन्सीच्या मालकांनी आम्हांला तीन वेळा सांगितले. त्यांपैकी चरईतला फ्लॅट खरोखरच दोन दिवसांत गेला आणि त्याची हळहळ घरात महिनाभर राहिली, हे मान्य केले पाहिजे. उरलेले दोन मात्र पुढच्या महिन्याच्या व्हॉट्सअॅप यादीत जसेच्या तसे होते. त्यातल्या एकाची किंमत दोन लाखांनी उतरलेली होती.

आम्ही अखेर घेतला तो फ्लॅट पाचपाखाडीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. फ्लॅटच्या मालकांची मागणी एक कोटी २८ लाखांची होती आणि ‘बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार’ हे त्याचे मुख्य कारण सांगितले गेले. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, विनामूल्य शोधता येतो. सिटी सर्व्हे क्रमांक घालून पाहिल्यावर त्याच इमारतीतला, एवढाच फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी एक कोटी १२ लाखांना नोंदला गेल्याचे दिसले. तो कागद पुढे ठेवल्यावर बोलणी एक कोटी १८ लाखांवर थांबली. या बोलणीत एजन्सीचा उपयोग काहीच झाला नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये, कारण दलाली घर विकणाऱ्याकडूनही घेतली जाते आणि किंमत खाली आली की दोन्हींकडची दलाली कमी होते.

ज्या कामासाठी मी या एजन्सीला पैसे देणे योग्य मानते, ते काम एजन्सीच्या मालकांनी केलेच नाही. ते त्यांच्याकडे कागदपत्रे पाहणाऱ्या तरुण मुलीने केले. टोकनचा धनादेश देण्यापूर्वी तिने मला बाजूला बोलावून सांगितले, ‘ताई, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. सेक्रेटरींना डीम्डचा अर्ज केलाय का ते आधी विचारा.’ कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणे, आणि बिल्डर ते करत नसेल तर सोसायटी सरकारकडे अर्ज करून मिळवते ते डीम्ड कन्व्हेयन्स. पुनर्विकासाच्या नावाने जास्त किंमत मागितली जात असताना जमीन सोसायटीच्या नावावर नसणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे जुन्या ठाण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. पुढे बँकेने आधीच्या सर्व करारांची साखळी मागितली, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या मालकांमधला करारनामा फाइलमध्ये नव्हता. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत तिने नऊ दिवसांत मिळवून आणली. ती प्रत नसती तर कर्ज तिथेच अडले असते.

पैशांच्या हिशेबात मात्र एजन्सीने आम्हांला अडचणीत आणले. पहिल्याच भेटीत कोऱ्या कागदावर मांडून दिलेल्या हिशेबात ‘लोन ऐंशी टक्के होऊन जातं’ असे लिहिले होते. कर्ज ७५ लाखांच्या वर गेले की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरलेही जात नाही. पाच लाख ९० हजारांची ही तफावत आम्हांला बँकेत कळली आणि ती भरून काढण्यासाठी मुदत ठेव मोडावी लागली. घर ५० लाखांच्या वरचे असल्यामुळे विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (विक्रेत्याचा आयकर) आम्ही कापून भरायचा असतो, हेदेखील बँकेतल्या अधिकाऱ्यांनीच सांगितले. एक गोष्ट एजन्सीच्या मालकांनी बरोबर सुचवली: ठाण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे, पण घर केवळ स्त्रीच्या नावावर असल्यास एक टक्का सवलत मिळते. कर्जात यजमान सहकर्जदार राहिले आणि करारनामा माझ्या एकटीच्या नावाने झाला. त्यात एक लाख १८ हजार वाचले. यजमानांची त्यावरची शेरेबाजी अद्याप चालू आहे.

हस्तांतराच्या वेळी सोसायटीने ‘स्वेच्छा देणगी’ म्हणून एक लाख मागितले. महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे शासनाच्या परिपत्रकाने ठरलेले आहे. ते त्या मुलीने छापून आणून समितीपुढे ठेवले आणि विषय संपला. एजन्सीच्या मालकांचा सल्ला ‘देऊन टाका, कशाला वाईटपणा घेता’ असा होता.

दलाली एक टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एक लाख ३९ हजार २४० रुपये झाली. अर्धी रक्कम रोखीत देण्याचा आग्रह झाला, तो आम्ही मानला नाही. रीतसर पावती तिसऱ्यांदा आठवण केल्यावर आली. मालमत्ता कराच्या देयकावरील आणि वीजमीटरवरील नाव बदलून देणे दलालीतच धरलेले होते. मीटरचे काम झाले आहे. कागदपत्रे पाहणारी ती मुलगी दरम्यान नोकरी सोडून गेली आणि मालमत्ता कराचे देयक या वेळीही जुन्या मालकांच्याच नावाने आले. फोन केला की एजन्सीचे मालक सांगतात, ‘पुढच्या आठवड्यात करून देतो.’