रेकॉर्डी उतरवायच्या आहेत: यूएसबी टर्नटेबल की घरातला जुनाच प्लेअर?

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी दीडशेच्या आसपास एलपी आहेत. बाबांनी जमवलेल्या, निम्म्या ख्यालाच्या, बाकी नाट्यगीतं नि भावगीतं. गेल्या पावसाळ्यात काही कव्हरांवर बुरशी दिसली आणि ठरवलं, आता हे सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवायचं. तुम्हीही याच विचारात असाल, तर तुमच्यापुढेही हेच दोन मार्ग असतील. एक, यूएसबी टर्नटेबल, म्हणजे थेट लॅपटॉपला जोडता येणारा प्लेअर, नवं घ्यायचं. दुसरा, घरातला जुना प्लेअर दुरुस्त करून त्याला फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारी पेटी) आणि ऑडिओ इंटरफेस (तो आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) जोडायचा. मी दोन्ही करून पाहिलं. (सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर मी धरलेच नाहीत. त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, रेकॉर्डवर ५-६ ग्रॅमचा भार टाकते, मॅग्नेटिकचं दीड-दोन ग्रॅममध्ये भागतं. बाबांच्या रेकॉर्डीवर तेवढं वजन टाकायला माझा हात धजला नाही.)

सोयीत यूएसबीवाल्याला तोड नाही. खोक्यातून काढलं, बेल्ट चढवला, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, की तासाभरात पहिली फाइल तयार. प्रीॲम्प आतच असतो, आणि हे सुख लहान नाही. रेकॉर्ड कापतानाच खर्जाकडचा आवाज दाबलेला आणि वरचा चढवलेला असतो. १९५४ साली ठरलेला आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) आराखडा तो हाच. प्रीॲम्प तो उलटा फिरवून आवाज मूळपदावर आणतो. माझ्या आतेभावाने प्रीॲम्प न लावता प्लेअर थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसला होता. बाई पत्र्याच्या डब्यातून गातेय असं वाटत होतं, डग्गा तर नावालाही नाही. असला घोळ यूएसबी टर्नटेबलात होत नाही.

१६ बिट की २४ बिट, म्हणजे आवाज किती बारकाईने नोंदवायचा, या वादात मी फार शिरणार नाही. रेकॉर्डची स्वतःची खरखरच एवढी असते की ऐकण्यापुरते १६ बिट पुरतात, असं माझं मत. मी २४ बिट ९६ किलोहर्ट्‌झवर घेतो ते केवळ नंतरच्या साफसफाईला हात मोकळा राहावा म्हणून. बावीस मिनिटांची एक बाजू साधारण ७६० एमबी होते, फ्लॅक (दर्जा न घालवता फाइल लहान करणारा प्रकार) केली की बरीच आटोक्यात येते.

मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा.

यूएसबीवर पहिल्या आठवड्यात मी भावगीतं उतरवली. छान झाली, मीही खूश. मग ख्यालगायक अमीर खाँसाहेबांची एलपी लावली. आमच्या इंदूरचे खाँसाहेब, अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झुमरा ताल, एकेका सुरावर किती थांबायचं याला सीमा नाही. दोन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अरे, तंबोरा हलतोय का?” आई पूर्वी गाणं शिकलेली. मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. खरंच, षड्ज जागेवर नव्हता. अगदी किंचित वर, किंचित खाली, पाण्यावर ठेवल्यासारखा. मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, पण एकदा कानाला कळल्यावर ते विसरता येईना. परत भावगीतांच्या फाइली ऐकल्या तर लांबलेल्या बासरीतही तेच.

आधी रेकॉर्डवरच संशय घेतला. मधलं भोक जरा बाजूला पडलेलं असेल किंवा रेकॉर्ड वाकलेली असेल तरी सूर डुलतो. पण ते डुलणं दर फेरीला, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बरोबर १.८ सेकंदांनी, परत येतं. घड्याळ लावून बसलो. इथे तसा काही नेम नव्हता; कधी लवकर, कधी उशिरा. म्हणजे दोष मोटर-बेल्टकडचा. बेल्ट बदलून पाहिला, फरक जवळजवळ नाही. माझ्या वाट्याला आलेला तो एक नगच तसा असेल, सगळ्यांना एका मापाने मोजणं बरोबर नाही. चांगल्या मोटरची महाग यूएसबी टर्नटेबलंही मिळतात.

मग माळ्यावरून बाबांचा प्लेअर काढला. जड थाळीचा. बेल्ट नवा, कार्ट्रिज नवी मॅग्नेटिक, प्रीॲम्प, इंटरफेस. सगळं मिळून खर्च यूएसबीवाल्यापेक्षा थोडा जास्तच झाला. तीच एलपी लावली. षड्ज भिंतीसारखा उभा. पण त्याच्या खाली आता एक घूं आवाज होता!

ही घूं म्हणजे घरातली ५० हर्ट्‌झची वीज. तिच्याबरोबर १०० नि १५० हर्ट्‌झही येतात. काळी एक या पट्टीतला षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा धरला, तर १५० कुठे पडतो बघा: कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधोमध कुठेतरी. कुठल्याही रागात न बसणारा सूर गाणंभर खाली वाजत राहतो. फिल्टरने तो कापायला गेलो तर डग्ग्याची घुमकही कापली गेली. शेवटी सापडलं ते साधंच होतं. प्लेअरची बारीक अर्थिंगची वायर लोंबकळत होती; जेल रोडवरून जोडणीचं सामान आणून ती प्रीॲम्पच्या स्क्रूला जोडली, निम्मी घूं गेली. राहिलेली लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर गेली.

माझ्यापुरता निकाल इथेच लागला. घूं रेकॉर्डिंगच्या आधीच घालवता आली. डुललेला षड्ज मात्र फाइलीत उतरला की उतरलाच. तो सरळ करणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण माझ्या आवाक्यातली नाहीत. आणि रेकॉर्ड तर तिच्याच वेगाने वाजणार. दीडशे एलपी म्हणजे शंभराहून जास्त तास, ते दोनदा बसणं माझ्याच्याने होणार नाही.

वीस-पंचवीसच रेकॉर्डी असतील, त्याही बहुतेक भरगच्च वाद्यमेळाच्या सिनेगीतांच्या, आणि वायरींचा कंटाळा असेल, तर यूएसबी टर्नटेबल घ्यायला माझी हरकत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर मात्र सुई बदलता येते का ते आधी विचारा; त्यांची खोबणी रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाते. ख्याल असेल, ऑर्गनवरची नाट्यगीतं असतील, तर माळा एकदा बघाच.

आणि दुकानात जाणार असाल तर घरची एक ख्यालाची एलपी बरोबर न्या. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो ना, तेवढंच डोळे मिटून ऐका.